उतारावर पडलेला गोळा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेतली पाचवीतली पोरंसुद्धा सांगतील. इस्लामपूरच्या अलीकडं, ऊसपट्ट्यातल्या एका गावात मी पीटी शिकवते, आणि पीटीच्या बाईचं गोड बोलून भागत नाही. शिट्टी आणि आवाज, ह्या दोन गोष्टींवर मी आजवर नोकरी केली. तेव्हा पुढं जे सांगणार आहे त्यात मी कुठं चिडलेली दिसले, तर ते तसंच घ्या. मी खरंच चिडले होते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर लपवली असं व्हायला नको. आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलींचा गोळाफेकीचा विक्रम माझ्या नावावर होता. सोळाव्या वर्षी केलेला. थोरल्या भावाचे कॅनव्हासचे बूट, पुढं कागद कोंबून घातलेले, आणि अंगात नुसती खुमखुमी. पुढं तीसेक वर्षं तो कुणी मोडला नाही. मी फार भारी होते म्हणून नव्हे. आमच्याकडं दणकट पोरगी दिसली की तिला कबड्डीत घालतात, नाहीतर कुस्तीच्या आखाड्यात. गोळा हातात घेऊन एकटीनं वर्तुळात उभं राहायला कोण जातंय? तरी दरवर्षी जिल्ह्याची स्पर्धा झाली की निकालाच्या कागदावर मी आधी खालची बारीक ओळ वाचायची. ‘आजवरचा विक्रम’, आणि पुढं माझं माहेरचं नाव. वाचून झालं की कागद घडी घालून पर्समध्ये ठेवायची. घरात कुणाला सांगितलं नाही कधी, पण बरं वाटायचं.

ती पोरगी माझ्या नजरेत आली तेव्हा आठवीत होती. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा शाळेला उशीर झाला म्हणून मी तिला खेळाच्या सामानाची खोली आवरायची शिक्षा दिली होती. त्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून आम्ही एक जुना गोळा दाराला अडवण म्हणून ठेवलेला असायचा. खोली आवरून झाली का बघायला गेले तर दार आपटतंय आणि गोळा गायब.

“काय गं, गोळा कुठाय?”

“वर ठिवलाय की. पायात येत हुता.”

वर म्हणजे लोखंडी कपाटावर. कपाट माझ्यापेक्षा हातभर उंच. खोलीत स्टूल नाही, खुर्ची नाही.

“कसा ठेवलास?”

“हातानं.”

मला वाटलं उलट बोलतीय. मी म्हटलं, काढ आणि परत ठेव माझ्यासमोर. तिनं टाचा उचलून गोळा खाली घेतला, मानेजवळ टेकवला, गुडघ्यात जरा वाकली आणि एका हातानं सरळ वर सरकवला. मी पोरींना हेच शिकवायला दोन-दोन वर्षं घसा फोडते. हिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिक्षा विसरून तिथंच उभी राहिले.

उशिराचं कारण विचारलं तर म्हणाली, “दारं धरत हुते.” आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, पण लांबच्या माणसासाठी सांगते. उसाला पाणी पाजायचं म्हणजे पाटातलं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की खोऱ्यानं तिचं तोंड मातीनं बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. त्याला दारं धरणं म्हणतात. तिचे वडील फौजेत, तेव्हा सरहद्दीवर होते. घरी ती आणि आई. त्या आठवड्यात शेताला वीज सकाळची होती, म्हणून पोरगी पहाटेपासून चिखलात उभी राहून मग शाळेला यायची. मी शिक्षा मागं घेतली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला संध्याकाळी मैदानावर थांबायला सांगितलं.

शिकवायला ती सोपी नव्हती. हट्टी नव्हती, पण प्रश्न फार विचारायची. गोळा सुटताना शेवटी कुठलं बोट लागतं? डावा पाय आधी टेकतो का उजवा वळतो आधी? मी चिडून म्हणायची, अगं फेक आधी, मग विचार. ती फेकायची, चालत जाऊन स्वतःच गोळा आणायची, पडला त्या जागी मैदानाकडेच्या कडुलिंबाची काडी खोचायची, आणि परत येऊन तोच प्रश्न विचारायची. एकदा मला उत्तर आलं नाही. मी तीस वर्षं विक्रमवाली बाई, आणि शेवटी कुठलं बोट लागतं ते मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघींनी हातानं करून बघितलं, आणि निघालं मधलं बोट. त्या दिवसापासून मी तिला मनातल्या मनात मानायला लागले. तोंडावर अर्थात नाही. तोंडावर म्हटलं, बोटं मोजत बसलीस तर गोळा पायावर पडेल.

तिच्या आईची एकच तक्रार असायची, पोरीची मान मातीनं काळी होते. गोळा मानेला टेकवायचा तर माती लागणारच. आई रोज अंघोळीला बसवून मान घासायची आणि पोरगी रोज परत काळी करून आणायची. एकदा बाजारात भेटल्यावर मला म्हणाली, “बाई, त्यो गोळा तरी धूत जावा.” मग आम्ही गोळा धुवायला लागलो.

नववीत ती गेली आणि त्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा आमच्या शाळेच्या मैदानावर घ्यायचं ठरलं. मी हट्टानं मागून घेतली होती. आमचं मैदान खडबडीत होतं, तेव्हा ते सपाट करायला गावातल्याच एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्याचा धंदाच तो, ट्रॅक्टरला मागं पातं लावून लोकांची रानं सारखी करून द्यायची. हात इतका बसलेला की त्याच्या रानात पाणी सोडलं तर कुठं थेंबभर तुंबत नाही. त्यानं इंजिन बंद न करता वरूनच विचारलं, “बाई, पाणी कुटं घालवायचं?”

मी म्हटलं, “लिंबाकडं.”

झालं. एवढंच. गोळा पडतो ती जागा सपाट हवी, उतार चालत नाही, हा नियम मी स्वतः पोरांकडून पाठ करून घेतलेला. पण मीही ह्याच मातीतली. आमच्याकडं जमीन सारखी करणं म्हणजे पाणी कुठं जाणार ते ठरवणं. त्यानं सवयीनं विचारलं, मी सवयीनं सांगितलं, आणि दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही. त्यानं दोन दिवसांत मैदान असं देखणं करून दिलं की मुख्याध्यापक अनवाणी चालून आले. वर्तुळ एका टोकाला, लिंब दुसऱ्या टोकाला, मधे सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत जमीन. मी कागदावर सही केली, मैदान नियमाप्रमाणे सपाट व योग्य आहे. बाहेरून आलेल्या पंचांनी मान हलवली आणि चहा घेतला.

स्पर्धेत तिच्या चौथ्या फेकीला मी फितीचं टोक धरून गोळा पडतो त्या बाजूला होते. गोळा आला तेव्हाच कळलं. मोजलं, परत मोजलं. माझ्या विक्रमापेक्षा चार बोटं जास्त.

खरं सांगते, पहिल्या क्षणी काळजात कळ आली. एकच क्षण. मग असा आनंद झाला की मी हातातली फीत टाकून पळत गेले आणि तिला उचलायला गेले. ती काही उचलली गेली नाही, आम्ही दोघी पडलो. संध्याकाळी गावानं पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, त्यात तिच्याशेजारी माझाही फोटो, आणि फोटोत मी नेहमीसारखी रागावलेली. चार दिवसांनी पुण्याच्या सरकारी क्रीडा वसतिगृहाकडून निरोप आला, जिल्ह्याचा विक्रम करणाऱ्या मुलीला थेट जागा. राहणं, खाणं, शाळा, शिकवायला मोठे प्रशिक्षक. तिची आई माझ्या घरी येऊन म्हणाली, “म्या एकटी रान सांभाळीन. विक्रम केलाय म्हंजे पोरगी गेलीच पायजे.” त्या बाईला हे बोलायला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. एकटीनं दारं धरायची होती तिला.

त्यानंतर आठेक दिवसांनी शिपाई शाळेच्या टाकीचा कॉक बंद करायला विसरला. टाकी भरून वाहिली आणि पाणी मैदानावर आलं. मी शिपायावर ओरडत बाहेर आले तर ती पोरगी वर्तुळापाशी उभी राहून पाण्याकडं बघत होती.

“बाई, पाणी बगा.”

“बघतीय. त्या शिपायालाच बघायचंय आता.”

“तसं न्हवं. पळतंय बगा कसं.”

पाणी वर्तुळापासून निघून, गोळे पडतात त्या जागेतून, सरळ लिंबाकडं चाललं होतं. कुठं थांबत नव्हतं, कुठं वळत नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याच्या कामात खोट कसली काढणार?

ती म्हणाली, “वीतभर उतार हाय. थोडा कमीच आसंल.”

“कशावरून?”

“पाण्याच्या पळण्यावरनं. रोज बगतोय न्हवं आमी.”

गवंड्याकडं पाणी भरलेली एक पारदर्शक नळी असते, दोन टोकं दोन ठिकाणी धरली की पाण्याची पातळी कुठली जागा उंच, कुठली खाली ते सांगते. रविवारी ती मागून आणली आणि आम्ही दोघींनीच मोजलं. वीतभराला दोन बोटं कमी. पोरीचा अंदाज बिनचूक होता. आता गणित सोपं आहे. जमीन जितकी खाली, तितका गोळा जास्त वेळ हवेत राहतो आणि साधारण तितकाच पुढं जाऊन पडतो. उतारानं दिलं जवळजवळ वीतभर, आणि विक्रम मोडला होता चार बोटांनी.

आता जे सांगायचं ते सांगताना अजून लाज वाटते. नळी हातात असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आनंद. माझा विक्रम शाबूत आहे. असं आलं, आणि लगेच त्या पोरीचा चेहरा समोर दिसला, आणि मला माझीच घाण वाटली. मग स्वतःवर काढायचा सोडून राग तिच्यावर काढला.

“तुला कुणी सांगितलं होतं गं पाणी बघायला? शाळेत येतीस का दारं धरायला?”

तिनं नळी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि घरी गेली.

पुढचे चार-पाच दिवस माझे फार वाईट गेले. मनाला मी सांगायची, सगळ्याच मुलींनी त्याच मैदानावर फेकलं, कुणाची तक्रार नाही, पोरीच्या आयुष्याचं सोनं होतंय, आपण तोंड उघडायचं काय कारण? दुसरं मन म्हणायचं, तू नियम शिकवतीस आणि खोट्या कागदावर सही करून गप्प बसतीस. बरं, लिहायला बसले की हात अडायचा. कारण विक्रम रद्द झाला की पुन्हा नाव कुणाचं लागणार? माझं. उद्या गाव म्हणेल, बाईनं स्वतःच्या नावासाठी पोरीचं वाटोळं केलं. आणि आतून मलाच खात्री देता येईना की तसं नाही. मी खरं बोलायला निघालेय की माझं नाव परत घ्यायला, हेच मला कळेना. माणसानं स्वतःलाच ओळखू नये ह्यासारखी वाईट गोष्ट नाही.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली आणि वहीतलं पान माझ्यापुढं ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलेलं. ‘मी फेकलेला गोळा उतारावर पडला. म्हणून विक्रम मोडलेला नाही. तरी तो काढून टाकावा ही विनंती.’ खाली तिची सही, आणि त्याखाली ‘क्रीडाशिक्षिका’ असं लिहून माझ्या सहीला मोकळी जागा. मैदान कुणी केलं, सपाट आहे म्हणून सही कुणी केली, ह्याबद्दल एक अक्षर नाही.

मी म्हटलं, “वसतिगृहाची जागा जाईल. कळतंय का तुला?”

“व्हय.”

“आईला विचारलंस?”

“न्हाई. पप्पांना इचारलं फोनवर. त्ये म्हणालं, रिपोर्ट खरा द्यायचा, मग जे हुईल ते.”

“आणि माझ्यासाठी करत असशील तर अजिबात नको.”

तेव्हा ती पहिल्यांदा जरा रागानं बोलली. “तुमच्यासाठी कशाला? मला मोडायचाच हाय तुमचा विक्रम. पर उतारावरनं न्हाई. सपाटीवर मोडला तरच त्यो मोडला म्हनायचा.”

चौदा-पंधरा वर्षांची पोरगी. माझ्या डोक्यातला पाच दिवसांचा गुंता तिनं एका वाक्यात सोडवला. मी खुर्चीत बसून राहिले, डोळ्यांत पाणी आलं ते तिच्यासमोरच पुसलं. मग पेन काढलं, सही केली, आणि सहीच्या वर लिहिलं, ‘मैदान मी करून घेतले. उतार माझ्या सांगण्यावरून दिला. चूक माझी.’

एसटीनं आम्ही दोघी सांगलीला गेलो. तिथल्या जिल्हा क्रीडा कार्यालयातल्या साहेबांनी पान दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता, पण कटकट नको होती त्याला. म्हणाले, “अहो बाई, कुणाची तक्रार नाही, कुणी मोजायला येणार नाही. कशाला उकरून काढताय?” आणि मग हसून, “का तुमचं नाव परत लावायचंय?”

मला हेच ऐकायची भीती होती. रागानं कानशिलं तापली. पण मी तोंड उघडायच्या आत पोरगीच म्हणाली, “सायेब, थोडे दिसच लावायचं हाय. मी मोडणार हाय पुना.” साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी शिक्का मारला. पदक राहिलं, कारण उतार सगळ्यांना सारखाच होता. विक्रम गेला, आणि आठवड्यात वसतिगृहाची जागाही गेली. पुढच्या वर्षी ती वयात बसणार होती, त्यानंतर नाही. म्हणजे ह्या वर्षीची विभागाची स्पर्धा आणि पुढच्या वर्षीची जिल्ह्याची, एवढ्या दोनच संधी उरल्या.

तिची आई माझ्या दारात आली ती चप्पलही न काढता. “आवं, पोरगी खुळी हाय, पर तुमी तर शिकलेल्या न्हवं? ल्येकराच्या तोंडातला घास काढला तुमी.” मी ऐकून घेतलं. आयुष्यात क्वचित कुणाचं इतकं मुकाट ऐकलं असेल. बोलून बोलून ती दमली आणि पायरीवर बसली. मी पाणी दिलं, ते प्यायली. जाताना म्हणाली, “बापावर गेलीया. त्योबी असाच सरळ, आन् म्हणूनच कायम लांब कुटंतरी पाटवत्यात त्याला.”

त्याच महिन्यात साताऱ्याला विभागाची स्पर्धा झाली. मैदानावरून अजिंक्यतारा समोर दिसतो. पोरी फोटो काढत होत्या आणि आमची ही, गोळे पडायच्या जागेवर बाटलीतलं पाणी ओतून वाकून बघत होती. पंच ओरडला तिला. ती म्हणाली, “थांबलं पाणी. सपाट हाय.” तिथं तिनं जीव तोडून फेकलं. माझ्या विक्रमाला एक बोट कमी पडलं. एक बोट. माझं नाव तसंच राहिलं आणि मला तेव्हा माझ्या नावाचा जितका राग आला तितका कधी कुणाचा आला नाही. परतीच्या एसटीनं कराड गाठलं. मग ती म्हणाली, “बाई, आता एकच बोट ऱ्हायलं,” आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. मी जागीच होते.

मग आम्ही मैदान परत करायला घेतलं. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून सगळं सांगितलं. त्याला पटेना. “सपाट म्हंजे? मग पाणी कुटनं जायाचं?”

“कुठूनच नाही. साचू दे.”

“आवं बाई, लोक मला शिव्या घालतील. म्हणतील म्हाताऱ्याचा हात गेला.” त्याला खरोखर वाईट वाटत होतं. जन्मभर ज्या कामात चूक होऊ दिली नाही ती चूक मी मुद्दाम करायला सांगत होते. शेवटी ‘माझं नाव कुटं सांगू नका’ ह्या अटीवर त्यानं नळी लावून, पुन्हा पुन्हा मोजून जमीन सपाट केली. पावसाळ्यात अर्थातच तळं झालं. मुख्याध्यापक छत्री घेऊन काठावर उभे राहून सुस्कारे सोडायचे. पोरगी त्या तळ्यात गोळा फेकायची, चिखलात हात घालून शोधायची, धुवायची, पुन्हा फेकायची. पुण्याची जागा गेली म्हणून एकदाही तिनं तोंड पाडलं नाही. मी मात्र रोज तोंड पाडायची.

दहावीत जिल्ह्याची स्पर्धा पुन्हा आमच्याकडंच आली, कारण दुसरी कुठली शाळा मैदान द्यायला तयार नव्हती. ह्या वेळी कागदावर सही करायला मी साफ नकार दिला. पंचांना म्हटलं, तुम्ही तुमची नळी आणा, तुम्ही मोजा, आणि तुमचीच सही करा. त्यांनी मोजलं. विक्रमाच्या अंतरावर एक छोटा झेंडा रोवायची पद्धत आहे, म्हणजे फेकणाऱ्याला आणि बघणाऱ्यांना कळावं. तोही त्यांनीच रोवला. माझा झेंडा.

पहिल्या पाच फेकी झेंड्याच्या अलीकडं. एक तर वर्तुळाबाहेर पाय गेला म्हणून बाद. कुंपणाबाहेर तिची आई उभी होती, पदर तोंडात धरून. मी गोळे पडायच्या बाजूला फितीचं टोक धरून उभी होते. ती शेवटची फेक होती. ह्यानंतर वय नाही, जागा नाही. दहावी होऊन गावातच राहायचं आणि आईबरोबर दारं धरायची.

तिनं गोळा मानेला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच थांबली. मग वळली, आणि गोळा निघाला तो बघून मी आपोआप मागं सरकायला लागले. एक पाऊल, दोन पावलं, तीन. झेंडा माझ्यापुढं राहिला आणि गोळा झेंड्याच्या पलीकडं, माझ्या पायापाशी पडला. हातभर पुढं. बोटं मोजायचा प्रश्नच नव्हता.

आरडाओरडा झाला असणार, मला काही ऐकू आलं नाही. पंच म्हणाले, “बाई, मोजून झालं. झेंडा हलवा.” मी वाकून झेंडा उपटला. वर्षभरापूर्वी जी कळ आली होती ती येते का म्हणून मी मनात शोधत होते, आणि ती कुठंच नव्हती. नुसतं हलकं वाटत होतं, आणि रडू येत होतं.

ती वर्तुळातून चालत आली. उड्या नाहीत, हात वर नाहीत. गोळ्याचा खड्डा बघितला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, “बाई, हितं सपाट हाय न्हवं?”

मी झेंडा तिच्या हातात दिला.

“सपाट आहे गं. लाव तुझा तू.”